आधी उघडून तर बघू!

घरातली एखादी वस्तू बंद पडली की घरात लगेच दोन पक्ष तयार होतात. एक सत्ताधारी पक्ष. त्यांचं म्हणणं, "जाऊ दे रे, जुनाच झाला होता, नवीन घेऊन टाकू." दुसरा विरोधी पक्ष. त्याचं म्हणणं, "थांबा, आधी उघडून तर बघू." मी जन्मजात विरोधी पक्षात आहे. सत्ताधाऱ्यांकडे एक्सचेंज ऑफरचं हुकमी पान असतं, बिनव्याजी हप्त्यांचं असतं. आमच्याकडे एक स्क्रू ड्रायव्हर आणि खूपसा आशावाद. तरीही या शनिवारी आमच्या पक्षाची बाजू जरा नीट मांडायचं ठरवलंय, कारण ती बहुतेक वेळा चुकीच्या मुद्द्यावर मांडली जाते.

चुकीचा मुद्दा म्हणजे पैसे. "बघ, पाचशे रुपये वाचवले!" हे वाक्य प्रत्येक घरगुती कारागिराच्या तोंडात असतं. हिशोब मात्र जमत नाही. रविवारची अख्खी दुपार मिक्सर मांडीवर घेऊन बसायचं, वायर सोलताना नख उचकटून घ्यायचं, एक स्क्रू पलंगाखाली घरंगळतो तो टॉर्च लावून शोधायचा, आणि शेवटी वाचले किती तर पाचशे. त्यात हौसेने मल्टीमीटर घेतला असेल तर पहिल्या वर्षी तोटाच! पैशासाठी कोणी हे करत असेल तर त्याने खुशाल करू नये.

मग कशासाठी? माझं मत असं की दुरुस्ती ही मुळात निदान करायची कला आहे. पार्ट बदलणं हे शेवटच्या पाच मिनिटांचं काम. त्याआधीचा सगळा वेळ 'नेमकं काय बिघडलंय' यात जातो. आणि ज्याला निदान करता येत नाही, त्याला दुसऱ्याने केलेलं निदान खरं की खोटं हेही कळत नाही. तो फक्त मान डोलावतो आणि पैसे काढून देतो. मला मान डोलवायचा मनापासून कंटाळा आहे.

सर्वात सोपं उदाहरण पंख्याचं. पंखा हळू फिरायला लागला, किंवा नुसताच गुणगुणतो आणि जागचा हलत नाही. घरात जाहीर होतं, "पंखा गेला." आता बघा. आपला साधा पंखा सिंगल फेजवर चालतो, आणि एकट्या फेजने मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. म्हणून त्यात दोन वाइंडिंग असतात आणि एका वाइंडिंगसोबत एक कपॅसिटर लावलेला असतो. त्या कपॅसिटरमुळे दोन्ही वाइंडिंगमधल्या करंटच्या वेळेत फरक पडतो, फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पंखा सुरू होतो. दुकानात या कपॅसिटरला कंडेन्सर म्हणतात. बहुतेक छताच्या पंख्यांत तो अडीच मायक्रोफॅरडच्या आसपास असतो, आणि वर्षानुवर्षं गरम होऊन होऊन त्याची क्षमता कमी होत जाते. क्षमता कमी झाली की पंखा हळू, संपली की नुसती गुणगुण.

तपासायचं कसं? मेन बंद करून पातं हाताने फिरवायचं. जड फिरलं, खरखरलं तर बेअरिंग. हलकं फिरलं, आणि चालू केल्यावर लांब काठीने ढकलून दिलं की पंखा फिरायला लागतो, तर नव्वद टक्के कंडेन्सर गेलाय. (नव्वद टक्के हा आकडा माझ्या अनुभवाचा, कुठल्या अहवालातला नाही!) कंडेन्सर बदलायचा तर त्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याच क्षमतेचा आणायचा. एक वडापाव आणि दोन चहा यापेक्षा तो फारसा महाग नसतो. ही एवढी पाच-सहा वाक्यं ज्या माणसाला माहीत आहेत त्याला "मोटर जळली, नवीन घ्या" असं सांगून कोणी पंखा विकू शकत नाही. भले तो स्वतः स्टुलावर चढो वा न चढो.

गंमत म्हणजे हे सगळं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी 'बेसिक इलेक्ट्रिकल'मध्ये असतं. फेजर डायग्राम काढून काढून हात दुखले होते. पण ज्या पंख्याखाली बसून आम्ही ते पेपर लिहिले, त्याच पंख्यात तो कपॅसिटर आहे हे वर्गात कोणी सांगितलं नाही. पंखा तिथेच, आमच्या डोक्यावर, गुणगुणत होता!

आता पद्धतीबद्दल. माझ्या धंद्यात याला डिबगिंग म्हणतात आणि त्यासाठी पगार मिळतो. घरच्या वस्तूला तीच पद्धत लागते, फरक इतकाच की इथे ब्रेकपॉइंट चुकला तर शॉक बसतो. पहिला नियम, वस्तू उघडण्याआधी तक्रार नीट ऐका. या बाबतीत आमच्या आईच्या तोडीचा टेस्टर मी ऑफिसात बघितला नाही. "मिक्सर चालत नाही" असं ती कधी म्हणत नाही. ती सांगते, "इडलीचं वाटत होते, आधी जळका वास आला, मग आवाज जड झाला, आणि तिसऱ्या फेरीला बंदच पडला." वास आला, लोड जास्त होता, मग बंद पडला. म्हणजे मिक्सरच्या बुडाशी जे छोटं लाल बटण असतं ते ओव्हरलोडमुळे बाहेर आलेलं असणार. मिक्सर थंड होऊ द्यायचा, बटण दाबायचं, आणि तांदूळ निम्मे घालून बघायचं. कित्येक मिक्सर केवळ या बटणाची माहिती नसल्यामुळे पिशवीत घालून दुकानात जातात.

दुसरा नियम, संशयाची सुरुवात वस्तूपासून करू नका, भिंतीपासून करा. सॉकेटमध्ये लाइट आहे का? तिथे दुसरी वस्तू चालते का? मग पिन, मग वायर, मग स्विच, आणि सगळ्यात शेवटी आतली यंत्रणा. इस्त्रीचंच घ्या. इस्त्रीची वायर जिथे मुठीपाशी आत शिरते तिथे रोज वाकून वाकून आतली तार तुटते, वरचं कव्हर मात्र शाबूत दिसतं. मल्टीमीटर ओहमवर ठेवून, इस्त्री सॉकेटमधून काढून, थर्मोस्टॅटची चकती चालू स्थितीत ठेवून पिनच्या दोन टोकांना लावला की उत्तर मिळतं. हजार वॉटची इस्त्री असेल तर सुमारे ५३ ओहम यायला हवेत. (२३० चा वर्ग भागिले १०००, तोंडी नाही जमलं तरी चालेल.) आकडा आला म्हणजे तार, थर्मोस्टॅट, कॉइल सगळं सलग आहे. काहीच आलं नाही तर वायर वाकवून बघा. वाकवल्यावर आकडा उड्या मारायला लागला की चोर सापडला.

मधोमध तपासायचं, अर्धा भाग निर्दोष ठरवायचा, उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. कोडमधला बग असाच शोधतात. इस्त्रीतला तुटका धागाही असाच सापडतो.

आणि एक अवजार तर मला सगळ्यात लाडकं आहे, सिरीज लॅम्प. दुरुस्तीच्या कुठल्याही जुन्या दुकानात टेबलाच्या कडेला एक होल्डर आणि त्यात शंभर वॉटचा पिवळा बल्ब दिसेल. बंद वस्तू थेट मेनवर न लावता या बल्बच्या मागे, सिरीजमध्ये लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो, पण फ्यूज उडत नाही आणि उरलंसुरलं जळत नाही, कारण शंभर वॉटचा बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट जाऊ देतो. आतलं सर्किट ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकतो आणि मंदावतो. (एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच हवा.) यापेक्षा स्वस्त आणि हुशार सुरक्षा-यंत्रणा मी बघितलेली नाही. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की बल्ब मध्ये असला तरी आतल्या तारांना हात लावला तर शॉक बसतोच.

हे सगळं मला कॉलेजपेक्षा विठ्ठलवाडीने जास्त शिकवलं असं म्हणायला हरकत नाही. कल्याणहून कर्जतकडे निघालं की पहिलं स्टेशन आमचं. गाडीतले बहुतेक लोक अंबरनाथ-बदलापूरचे असतात, ते आमच्या स्टेशनकडे बघतसुद्धा नाहीत! पण आमच्या या पट्ट्याला हाताने काम करायचा वारसा आहे. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर वसलं. फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित त्या ओसाड बराकींत आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. 'कॅम्प नंबर'चे पत्ते आजही तेच आहेत. घरदार मागे टाकून आलेली माणसं, त्यांना वस्तू फेकून देणं परवडणार तरी कसं? हळूहळू इथे काहीही बनायला लागलं, आणि मग 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद महाराष्ट्रभर पसरला. तो विनोद आम्हाला हिणवायला करतात. मला त्यात कौतुक दिसतं. एखादी गोष्ट बघून तशीच बनवायची तर आधी ती उघडून, सुटी करून, समजून घ्यावी लागते. त्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात, आणि आमच्या कंपनीत त्याचं वेगळं ट्रेनिंग असतं.

दुसरीकडे अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, शहाडची सेंच्युरी रेयॉन, एमआयडीसीतले कारखाने. फिटर, टर्नर, वायरमन यांची घरंच्या घरं या भागात. अशा घरात एक खण कायम पक्कड, टेस्टर, इन्सुलेशन टेप आणि 'कधीतरी लागेल' अशा स्क्रूंनी भरलेला असायचा. त्या घरातली माझ्या पिढीची मुलं आता लॅपटॉप घेऊन ठाणे, ऐरोली, पवईला जातात आणि तो खण रिकामा व्हायला लागलाय. पगार वाढला ही चांगलीच गोष्ट. पण वडिलांना पन्नास वस्तूंचं निदान करता येत होतं आणि मुलाला एकाचंही येत नाही, ही गोष्ट मला प्रगतीच्या खात्यात टाकता येत नाही.

या ज्ञानाची खरी किंमत पावसाळ्यात कळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना माहीत आहे, कारण ती मुंबई. त्याच दिवशी उल्हास नदी आणि वालधुनीचं पाणी इकडे कल्याण, उल्हासनगर, बदलापूरमध्ये घराघरात शिरलं होतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, आणि आसपासच्या सोसायट्यांचे तळमजले पुन्हा बुडाले. पाणी ओसरलं की पहिल्या दिवशी लोक काय करतात? मिक्सर पुसतात आणि चालतो का बघायला बटण दाबतात! तिथेच तो मरतो. नुसत्या पाण्याने मोटर सहसा लगेच मरत नाही. आत ओल असताना वीज सोडली की शॉर्ट होतो. पुराचं पाणी गाळ आणि मीठमाती घेऊन येतं, म्हणून आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, मग उघडून कित्येक दिवस पूर्ण वाळवायचं, मग मेकॅनिककडून मेगरने वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासून घ्यायचं, आणि तेही ठीक आलं तरच सिरीज लॅम्पवर लावून बघायचं. एवढा धीर धरला तर पुरातला मिक्सर वाचायची निदान शक्यता तरी राहते. हे वाक्य पूररेषेजवळच्या प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर जून महिन्यात लावायला हवं असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी एवढा खटाटोप, त्याकडे येतो.

मागच्या उन्हाळ्यात आमचा टीव्ही गेला. आवाज येत होता, चित्र नाही. एका बड्या कंपनीचा अधिकृत माणूस आला, मागचं झाकणही न उघडता म्हणाला, "पॅनेल गेलं." खर्च विचारला तर नव्या टीव्हीच्या जवळपास. बघायचे पैसे घेतले आणि गेला. मग मी खोलीत अंधार केला, टीव्ही चालू ठेवला आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला. बातम्या सांगणारी बाई अंधुक दिसत होती! म्हणजे पॅनेल चित्र तयार करत होतं, मागचा उजेड तेवढा गेला होता. बॅकलाइटच्या पट्टीत एलईडी सिरीजमध्ये असतात, एक गेला की अख्खी माळ बंद. दिवाळीची तोरणं आठवा. टीव्ही उचलून आमच्या कॅम्पातल्या साईंकडे नेला. (दुकानातले सिंधी आजोबा, त्यांना सगळेच साईं म्हणतात.) त्यांनी पट्ट्या बदलल्या, टीव्ही आजही चालू आहे, आणि खर्च आला तो कंपनीच्या आकड्याच्या एक दशांशाच्या आसपास.

पण ही गोष्ट 'कंपनी चोर, साईं देव' म्हणून सांगत नाहीये. तेवढं सोपं असतं तर लेख लिहायची गरज नव्हती. मी साईंना विचारलं, "तुम्ही नुसतं बघायचे पैसे का घेत नाही?" ते हसले. म्हणाले, "बेटा, बघायचे पैसे मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही केलं काय? नुसतं बघितलंच तर!" हे वाक्य माझ्या डोक्यात बरेच दिवस घुमत राहिलं. कारण आम्ही ऑफिसात नेमकं तेच करतो. तीन दिवस लॉग वाचतो, बग शोधतो, आणि शेवटी कोडची एक ओळ बदलतो. गिऱ्हाइकाला बिल तीन दिवसांचं जातं, एका ओळीचं जात नाही. कोणी विचारलं की "एका ओळीचे एवढे पैसे?", तर आम्ही चिडतो आणि कॅन्टीनमध्ये जाऊन त्या क्लायंटची टिंगल करतो. आणि तेच आम्ही शनिवारी दुकानात उभं राहून म्हणतो, "एक कंडेन्सर तर बदललात काका, त्याचे दोनशे?"

याचा परिणाम काय होतो ते बघा. निदानाचे पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर दुरुस्तीवाल्याने कमवायचं कशातून? पार्टमधून. म्हणजे पार्ट बदलला तरच त्याच्या घरी चूल पेटणार. मग सैल झालेली तार नुसती डाग देऊन जोडली तरी तो सांगणार "बोर्ड बदलला". त्याला खोटं बोलायला आपणच भाग पाडलं! प्रामाणिक माणूस, जो म्हणतो "काही नाही झालं साहेब, पिन सैल होती", त्याला आपण 'थँक्यू' म्हणतो आणि वीस रुपये देतो. जो म्हणतो "आयसी उडाली", त्याला आठशे देतो. मग दहा वर्षांनी बाजारात कोण टिकणार? प्रामाणिक माणूस दुकान बंद करून रिक्षा घेतो, आणि आपण म्हणतो, हल्ली चांगले मेकॅनिक मिळतच नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की स्वतः दुरुस्ती शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा आपल्या घराला होत नाही, त्या दुकानाला होतो. ज्याने स्वतः एकदा दोन तास घालवून इस्त्रीतली तुटकी तार शोधलीय, तो पुन्हा कधी "नुसतं बघितलंच तर" असं म्हणणार नाही. त्याला माहीत असतं की बघणं हेच काम आहे. काही लोक मला म्हणतात, तू घरीच सगळं करत बसलास तर त्या बिचाऱ्यांच्या पोटावर पाय येईल. उलट आहे. त्यांच्या पोटावर पाय येतो तो वस्तू थेट भंगारात जाते तेव्हा. उघडून बघणारा माणूस त्यांच्याकडे पार्ट घ्यायला जातो, अडला की सल्ला घ्यायला जातो, आणि मोठं काम त्यांनाच देतो. मी तर नियमच केलाय. काही बदललं नाही तरी तपासणीचे पैसे आपणहून द्यायचे, आणि 'तपासणीचे' असं म्हणूनच द्यायचे.

इथे एक वाद आमच्याच पक्षातला आहे, तोही मिटवून टाकतो. जुगाड म्हणजे दुरुस्ती नव्हे. आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक, त्यावर व्याख्यानं होतात. पण थ्री पिनचा वरचा जाड पाय सॉकेटमध्ये जात नाही म्हणून तो कापून टाकणारा माणूस कल्पक नाही, तो आपल्या घरच्यांच्या जिवाशी खेळतोय. तो पाय अर्थिंगचा असतो. गिझरच्या आत करंट बाहेर गळायला लागला तर तो त्याच वाटेने जमिनीत जातो. ती वाट कापली की उरते एकच वाट, ओल्या अंगाने नळाला हात लावणारा माणूस. तसंच इस्त्रीतला थर्मल फ्यूज. तो उडाला म्हणून सरळ तार जोडून 'डायरेक्ट' करणारे महाभाग मी बघितलेत. फ्यूज उडाला तो का उडाला हे शोधायचं सोडून, ओरडणाऱ्या पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा! प्रोग्रामर मंडळींना सांगायचं तर एरर येते म्हणून सगळा कोड रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये घालण्यासारखंच हे. एरर दिसायची थांबते, घर मात्र पेटतं.

त्याच ओघात, कुठे थांबायचं तेही सांगून ठेवतो. मायक्रोवेव्ह उघडायचा नाही, त्यातल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो शिल्लक राहू शकतो. जुना डबा टीव्ही उघडायचा नाही, पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. फुगलेली लिथियम बॅटरी टोचायची, दाबायची नाही. गिझरच्या पाण्याला झिणझिण्या आल्या तर मेन बंद आणि वायरमनला फोन, तिथे हौस नको. वस्तू उघडताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची, कारण वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल तर बटण बंद असूनही आत फेज असते. पंख्यासारखी पिन नसलेली वस्तू असेल तर मेन बंद. आणि घरात तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी नसेल तर स्क्रू ड्रायव्हरचा सेट घेण्याआधी ते बसवून घ्या. स्वतःला काय येत नाही ते ओळखणं हाही निदानाचाच भाग आहे.

"पण हल्लीच्या वस्तू उघडतच नाहीत त्याचं काय?" हा सत्ताधाऱ्यांचा सगळ्यात दमदार आक्षेप, आणि तो खरा आहे. बीएलडीसी पंखा घ्या. साधा पंखा ७५ वॉट खातो, हा तीसच्या आसपास. दिवसाचे बारा तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला दोनशेच्या आसपास युनिट वाचतात. तेव्हा 'जुनं ते सोनं' म्हणत ७५ वॉटचा पंखा कवटाळून बसा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्यात अडीच मायक्रोफॅरडचा बापुडवाणा कंडेन्सर नसतो, इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तो गेला आणि वेगळा मिळत नसेल तर चांगली मोटर, चांगली पाती, सगळं भंगारात. म्हणून घेतानाच विचारायचं, "बोर्ड सुटा मिळतो का? कितीला?" दुकानदार आधी चमत्कारिक नजरेने बघतो. पाच गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो कंपनीच्या माणसाला विचारेल.

सरकारी पातळीवरही हे सुरू झालंय. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर 'दुरुस्त करायला किती सोपी' याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं, आणि २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाबद्दल समितीचा अहवालही आला, त्यात सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून. स्वागत आहे. पण माझी मागणी त्याहून जुनी आणि साधी आहे, सर्किट डायग्राम द्या. जुन्या रेडिओबरोबर तो मिळायचा, कधी कधी झाकणाच्या आतच चिकटवलेला असायचा. रेडिओ बनवणारा गृहीत धरायचा की हा कधीतरी उघडला जाणार, आणि उघडणारा शहाणा असणार. आज झाकणावर स्टिकर असतं, 'उघडल्यास वॉरंटी रद्द'. ओपन सोर्ससाठी तावातावाने भांडणारे आम्ही इंजिनिअर, स्वयंपाकघरातल्या क्लोज्ड सोर्सबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

असो. लेख लांबला. कायदे होतील तेव्हा होतील, तोवर करायचं काय? फार काही नाही. एक मल्टीमीटर, एक टेस्टर, एक पक्कड, दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर आणि तारेचा बल्ब लावलेला एक सिरीज बोर्ड. एका बुटाच्या खोक्यात सगळं मावतं. सुरुवात बंद पडलेल्या, तशाही भंगारात जाणाऱ्या वस्तूपासून करा, म्हणजे बिघडण्याची भीती नाही. घरात मूल असेल तर त्याला शेजारी बसवा आणि निघालेले स्क्रू वाटीत क्रमाने ठेवायचं काम त्याला द्या. दुरुस्त नाही झालं तरी चालेल. निदान कुठे अडलं ते तुम्हाला सांगता येईल, आणि तेवढी माहिती घेऊन दुकानात गेलात की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळं बोलायला लागतो, हे तुमचं तुम्हालाच जाणवेल.

आणि हो, त्याने नुसतं बघितलं, तरी पैसे देऊन या.